मंदावलेला संगणक : भंगारात काढण्यापूर्वी

१४ ऑक्टोबर ही तारीख नागपूरकरांना समजावून सांगावी लागत नाही. २०२५ साली मात्र याच तारखेला एक निराळी घटना घडली आणि तिचा परिणाम थेट आपल्या शाळेच्या संगणक कक्षापर्यंत पोहोचला. मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या प्रणालीचा नियमित आधार त्या दिवशी थांबवला. तिच्या जागी ‘विंडोज ११’ बसवायची, तर संगणकात किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, टीपीएम २.० नावाची सुरक्षा-व्यवस्था आणि इंटेलचा असल्यास साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर असावा लागतो. ही आठवी पिढी २०१७ च्या उत्तरार्धात बाजारात आली. त्याआधीचे यंत्र कितीही धडधाकट असले तरी कंपनीच्या यादीत ते बसत नाही. माजी विद्यार्थ्यांनी व हितचिंतकांनी वेळोवेळी दिलेल्या दानातून उभ्या राहिलेल्या आपल्या कक्षातील बहुतेक संगणक २०१२ ते २०१६ या काळातले आहेत. ते त्याआधीच मंदावलेले होते; आता ते कालबाह्यही ठरले.

या प्रश्नावर तेव्हा शाळेत दोन मते पडली. सर्व यंत्रे भंगारात काढून पालक व माजी विद्यार्थी यांच्याकडून निधी गोळा करावा आणि नवी घ्यावीत, हे एक मत. आधी आहेत ती यंत्रे नीट तपासून पाहावीत, हे दुसरे. आम्ही दुसऱ्या मताचे होतो. आपल्या वसतिगृहातील मुलांचे पालक कोण आहेत, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगायला नको. कापूस वेचणाऱ्या, वीटभट्टीवर राबणाऱ्या माणसाकडे निधीचे पावतीपुस्तक घेऊन जाण्यापूर्वी त्या निधीची गरज खरोखर आहे काय, हे पाहणे शाळेचे कर्तव्य ठरते. पुढील मजकूर त्या तपासणीतून निघालेला आहे. घरोघरी पडून असलेल्या जुन्या संगणकांना आणि लॅपटॉपनाही तो तसाच लागू पडतो.

संगणक मंद असला तर थोडे थांबावे, त्यात एवढे काय, असे कोणी म्हणेल. परंतु २०२५-२६ पासून अकरावीचा केंद्रीय प्रवेश संपूर्ण राज्यात ऑनलाइन झाला आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरावा लागतो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रक हे सारे स्कॅन करून ठरलेल्या आकारात आणून चढवावे लागते. आधारशी जोडलेला मोबाइल बहुधा वडिलांच्या खिशात असतो आणि वडील भिवापूर किंवा कुहीकडच्या कुठल्या तरी शेतात. ओटीपी त्यांच्याकडे येतो, ते तो फोनवर वाचून दाखवतात, मुलगी इकडे आकडे भरते, आणि पडद्यावर ते गोल चक्र फिरतच राहते. तेवढ्यात ओटीपीची मुदत संपते. दोन-तीनदा असे झाले की वडील कामाला लागतात आणि अर्ज दुसऱ्या दिवसावर जातो. शिष्यवृत्ती हुकते ती पुष्कळदा अशा क्षुल्लक कारणाने.

आता संगणक मंद होतो म्हणजे नेमके काय होते, ते पाहू. कुऱ्हाडीची धार जावी तसा प्रोसेसर झिजत नाही. २०१४ साली तो एका सेकंदात जितकी आकडेमोड करीत होता, तितकीच आजही करू शकतो. वाढलेला असतो तो त्याच्यावरचा भार. अभिलेखागारात बसून काम केलेल्यांना हे चटकन उमजेल. वाचनकक्षात आपल्यापुढे एक टेबल असते आणि आत रुमालांनी भरलेली कोठी असते. टेबल म्हणजे रॅम, कोठी म्हणजे हार्ड डिस्क आणि वाचणारा म्हणजे प्रोसेसर. टेबलावरचा कागद हात लांबवला की मिळतो. कोठीतला हवा असेल तर चिठ्ठी द्यावी, शिपायाने आत जावे, रुमाल शोधावा, आणून ठेवावा. टेबल लहान आणि मागवलेले रुमाल दहा असले, तर एक आणण्यासाठी दुसरा परत पाठवावा लागतो आणि थोड्या वेळाने तोच पुन्हा मागवावा लागतो. वाचणारा कितीही जलद वाचणारा असो, त्याचा दिवस शिपायाची वाट पाहण्यात जातो. यातले प्रमाण ध्यानात घेण्यासारखे आहे. रॅममधून माहिती मिळण्यास सेकंदाच्या एक कोट्यंशाच्या आसपास वेळ लागतो, तर फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला सुमारे एक शतांश सेकंद. फरक लाखपटीचा आहे.

म्हणून औषधाआधी निदान. कीबोर्डवरील कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की ‘टास्क मॅनेजर’ उघडतो. त्यात सीपीयू, मेमरी आणि डिस्क हे तीन रकाने पाहावेत. सीपीयू १०-१५ टक्क्यांवर निवांत आणि डिस्क मात्र १०० टक्के, असे दिसले तर शिपाई दमलेला आहे, विद्वान नव्हे. मेमरी ९० टक्क्यांच्या पुढे गेली असेल तर टेबल अपुरे पडत आहे. काहीही उघडलेले नसताना सीपीयूच शंभराला टेकला असेल, तर आपल्या नकळत दुसरेच कोणी यंत्र राबवीत आहे. ते कोण, हे त्याच रकान्याच्या शीर्षकावर क्लिक केल्यावर यादीत सर्वांत वर दिसते. बर्डीवरच्या एका दुकानात आम्ही दोन यंत्रे नेली होती. तेथे ही खिडकी कोणी उघडून पाहिली नाही. बाहेरचा डबा पाहूनच ‘यात आता काही राहिले नाही’ असा निकाल मिळाला. साधनांची चिकित्सा न करता निष्कर्ष काढण्याची ही रीत इतिहासाच्या अभ्यासातही अपरिचित नाही.

आमच्या कक्षात डिस्कचा रकाना जवळजवळ प्रत्येक यंत्रावर शंभरावर होता आणि त्याचे कारण शोधताना एक गंमत कळली. शाळेचे संगणक फार वापरल्यामुळे नव्हे, तर फार थोडे वापरल्यामुळे मंद होतात. यंत्र आठ-दहा दिवस बंद राहते. तेवढ्या काळातील अद्ययावत करण्याची कामे, विषाणूतपासणी, डिस्कची आठवड्याची मांडणी हे सारे साचून राहते, आणि ज्या सकाळी तासाला मुले बसतात त्याच सकाळी ते एकदम सुरू होते. यावरचा उपाय अगदी साधा निघाला. दर शनिवारी संध्याकाळी सगळी यंत्रे इंटरनेटशी जोडून दोन तास नुसती चालू ठेवायची. कोणी हात लावायचा नाही. सोमवारच्या तासाला त्याचा फरक मुलांनाच प्रथम जाणवला. घरी महिन्यातून एकदा लॅपटॉप उघडणाऱ्यांनीही, अर्ज भरायचा असेल त्याच्या आदल्या रात्री तो चालू करून ठेवावा.

दुसरे पाहायचे ते टास्क मॅनेजरमधील ‘स्टार्टअप’ हे पान. संगणक सुरू होताच आपोआप जागे होणारे सगळे कार्यक्रम तेथे दिसतात : बैठकांचे ॲप, प्रिंटरचा मदतनीस, कोणे एके काळी टाकलेल्या खेळाचा अद्ययावतकर्ता. यातले ज्याचे नाव ओळखता येते आणि ज्याची रोज गरज नाही, त्यावर उजवे क्लिक करून ‘डिसेबल’ करावे. त्याने कार्यक्रम पुसला जात नाही. हवा तेव्हा उघडता येतो, फक्त न बोलावता येत नाही. ज्याचे नाव कळत नाही त्याला आधी हात लावू नये.

अनावश्यक काम बाजूला सारणे किती मोलाचे असते, याचे एक गाजलेले उदाहरण आहे. २० जुलै १९६९ रोजी अपोलो-११ चे यान चंद्रावर उतरत असताना त्यातील संगणकाने ‘१२०२’ हा इशारा पुनःपुन्हा दिला. त्या संगणकाची बदलती स्मृती अवघ्या २,०४८ शब्दांची होती आणि उतरताना ज्याची गरजच नव्हती असे एक रडार त्याचा वेळ खात होते. अतिभार झाला की कमी महत्त्वाची कामे सोडून द्यावीत आणि उतरण्याचे काम तेवढे चालू ठेवावे, अशी रचना त्याच्या आज्ञावलीत आधीच करून ठेवलेली होती. यान सुखरूप उतरले. आपल्या विंडोजला मात्र कोणते काम महत्त्वाचे हे आपणच सांगावे लागते.

साठवणुकीबद्दल थोडक्यात सांगतो. ‘सी’ ड्राइव्ह काठोकाठ भरला की विंडोजला स्वतःच्या तात्पुरत्या कामासाठी जागा उरत नाही. पाचवा-सहावा हिस्सा तरी मोकळा असावा. सेटिंग्जमध्ये ‘सिस्टीम’, त्यात ‘स्टोरेज’ आणि त्यात ‘टेम्पररी फाइल्स’ येथून पुष्कळ जागा मोकळी होते. पण तेथील यादीत ‘डाउनलोड्स’ हेही नाव असते. त्यावर खूण करून पुसले तर उतरवून ठेवलेले दाखले आणि गुणपत्रकेही जातात. तेवढे टाळावे. आणखी एक गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. ‘फास्ट स्टार्टअप’ सुरू असताना ‘शट डाउन’ केले की विंडोज आपला गाभा डिस्कवर जपून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी तोच पुन्हा उचलते, म्हणजे कालचा गोंधळ आजही येतो. खरी नवी सुरुवात ‘रीस्टार्ट’ने होते. आठवड्यातून एकदा ते करावे.

पेनड्राइव्ह हा आपल्याकडचा मोठा रोगवाहक आहे. झेरॉक्सच्या दुकानातून तो संगणकात येतो आणि एका दुपारी कक्षातील सगळी यंत्रे बाधित होतात. यावर लोक दोन-दोन अँटिव्हायरस बसवतात. ते एकमेकांवरच पहारा करीत बसतात आणि यंत्र आणखी मंदावते. विंडोजचा स्वतःचा ‘डिफेंडर’ घरगुती व शालेय वापराला पुरेसा आहे. मुदत संपलेला, रोज पैसे मागणारा दुसरा असेल तर तो काढून टाकावा. फुकट मिळालेले ‘क्रॅक’ केलेले सॉफ्टवेअर असेल, तर तेही.

आता नागपूरच्या खास दुखण्याकडे वळू. प्रोसेसर तापून ९०-१०० अंशांच्या घरात गेला की जळू नये म्हणून तो आपला वेग स्वतःच कमी करतो. मे महिन्यात बाहेर ४५ अंश, खोलीत पत्र्याचे छप्पर आणि यंत्राच्या पंख्यावर तीन वर्षांची धूळ, अशा स्थितीत दुपारी संगणक रखडला तर दोष प्रणालीचा नसतो. त्यात आपल्याकडे कूलर. त्याची ओलसर हवा थेट यंत्रावर आली की धूळ नुसती बसत नाही, तिचा नमद्यासारखा थर जमतो. आमच्या कक्षातील एका डब्यात तो थर इतका जाड होता की जाळीमागचा पंखा दिसत नव्हता. सफाईसाठी फार काही लागत नाही. वीजजोड काढावा, मग चालू करण्याचे बटण काही क्षण दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्यावी, डबा उघडून अंगणात न्यावा आणि रंगाचा कोरडा मऊ ब्रश व ब्लोअर यांनी धूळ काढावी. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा. वाऱ्याने तो भरमसाट फिरला तर बिघडतो. ओले फडके कधीही नको. कूलरचे तोंड यंत्राकडून फिरवावे. लॅपटॉप गादीवर किंवा गोधडीवर ठेवून वापरू नये, कारण त्याचे श्वास घेण्याचे छिद्र बहुधा खालीच असते.

सर्वांत मोठा लाभ मात्र मेलेल्या यंत्रांनी दिला. १६ पैकी ३ संगणकांचे मदरबोर्ड जळालेले होते; ते दुरुस्त होण्याजोगे नव्हते. त्यांतल्या रॅमच्या पट्ट्या मात्र शाबूत होत्या. २ जीबीवर रखडणाऱ्या यंत्रांत त्या बसवल्या आणि ती ४ जीबीची झाली. खर्च शून्य. यात एक पथ्य आहे : डीडीआर २, डीडीआर ३ आणि डीडीआर ४ या पट्ट्यांची खाच वेगवेगळ्या जागी असते, एकीची पट्टी दुसरीच्या जागी बसत नाही आणि जोर करून बसवू नये. पट्टी हाताळण्याआधी डब्याच्या उघड्या धातूला हात लावावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. पट्टी कडेने धरावी. आणि ‘सिस्टीम’च्या माहितीत ३२ बिट लिहिलेले असेल, तर ती विंडोज ४ जीबीपलीकडची रॅम वापरूच शकत नाही, हेही पाहून घ्यावे. दहावीच्या मुलींनी हे काम एका रविवारी पूर्ण केले. बटण दाबल्यापासून अर्जाचे पान उघडेपर्यंत लागणारा वेळ त्यांनी आधी व नंतर वहीत नोंदवला आहे; सहा-सात मिनिटांचा तो दोन-अडीच मिनिटांवर आला.

राहिला प्रश्न विंडोज १० च्या आधाराचा. आधार थांबला म्हणजे यंत्र बंद पडत नाही. पण नव्याने सापडलेल्या सुरक्षेच्या त्रुटी बुजवल्या जात नाहीत, आणि ज्या यंत्रावर आधार क्रमांक व बँक खात्याचे तपशील भरले जातात ते तसे ठेवणे बरे नव्हे. घरगुती वापरकर्त्यांसाठी कंपनीने वाढीव सुरक्षेची नोंदणी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवली. शिक्षणसंस्थांसाठी ती तीन वर्षांची असून, प्रत्येक यंत्रामागे पहिल्या वर्षी १, दुसऱ्या वर्षी २ आणि तिसऱ्या वर्षी ४ डॉलर असा दर जाहीर झाला. ज्या शाळांना हे ठाऊक नाही त्यांनी चौकशी करावी.

आम्ही ४ यंत्रांवर विंडोज कायम ठेवली आणि उरलेल्या ९ यंत्रांवर ‘लिनक्स मिंट’ची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती बसवली. ती विनामूल्य आहे, २ जीबी रॅमवरही चालते आणि ४ जीबीवर सुखाने चालते. बसवण्याआधी ती पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते. हार्ड डिस्कला धक्का लागत नाही. पसंत पडल्यावर मात्र आधी सर्व फाइली दुसरीकडे उतरवूनच पुढे जावे, कारण संपूर्ण डिस्कवर बसवताना जुने सारे पुसले जाते. भारत सरकारच्या सी-डॅक या संस्थेनेही ‘बॉस’ नावाची लिनक्स प्रणाली तयार केलेली आहे, आणि केरळच्या सरकारी शाळांत संगणकशिक्षण अनेक वर्षांपासून लिनक्सवर चालते. तेव्हा हा काही गरिबांचा नाइलाज नव्हे. युनिकोड मराठी आणि इन्स्क्रिप्ट कीबोर्ड दोन्हीकडे तसेच चालतात. ब्राउझर तोच, त्यामुळे शिष्यवृत्तीचे अर्जही तसेच भरले जातात.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. शासकीय संगणक टंकलेखन परीक्षेचा सराव, टॅली आणि जुनी प्रकाशन-सॉफ्टवेअरे यांसाठी विंडोजच लागते; ती ४ यंत्रे त्यासाठीच राखली. कृतिदेव किंवा श्रीलिपी या जुन्या फाँटमधील मजकूर तो फाँट नसलेल्या यंत्रावर अगम्य चिन्हांसारखा दिसतो. जुन्या फाइली युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेणे हे वेगळेच मोठे काम आहे, आणि ते कोणी तरी हाती घेतले पाहिजे.

‘रॅम क्लीनर’, ‘पीसी बूस्टर’ अशा नावांच्या जाहिरातींकडे पाहू नये. रॅम रिकामी करून दाखवणे म्हणजे वाचणाऱ्याच्या टेबलावरचे कागद उचलून पुन्हा कोठीत नेऊन टाकणे. टेबल स्वच्छ दिसते आणि काम दुप्पट होते. अशांपैकी काही तर स्वतःच रोग घेऊन येतात. ‘तुमच्या संगणकात बिघाड आहे, आम्ही कंपनीतून बोलतो’ असा फोन आल्यास तो तत्काळ ठेवावा. दूरून यंत्र ताब्यात घेणारे ॲप बसवायला लावून खाते रिकामे करण्याचा तो प्रकार असतो. कोणतीही कंपनी असा फोन करीत नाही.

हे सारे करूनही डिस्कचा रकाना शंभरावरच राहिला, तर फिरत्या तबकडीच्या जागी एसएसडी बसवणे हा एकच खर्चाचा उपाय खरोखर उपयोगी आहे. नव्या संगणकाच्या तुलनेत तो फार थोडक्यात होतो. पालकांनी मुलाच्या बारावीसाठी कर्ज काढून लॅपटॉप घेण्यापूर्वी एवढे करून पाहावे.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. आपल्या कार्यालयातून किंवा घरातून निघणारा संगणक शाळेला देताना आपल्या खात्यांतून बाहेर पडावे, आपले फोटो व कागदपत्रे उतरवून घ्यावीत आणि मग सेटिंग्जमधील ‘रीसेट’ वापरून सर्व काही पुसावे. लॅपटॉपसोबत चार्जर द्यावा. चार्जरवाचून आलेले दोन लॅपटॉप आजही कपाटात आहेत. बंद पडलेले यंत्रही द्यावे, त्याचे काय होते ते वर सांगितलेच आहे. एखाद्या यंत्राच्या हार्ड डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर त्यावर वेग वाढवण्याचा कोणताही प्रयोग करू नये. ती डिस्क जाण्याच्या मार्गावर असते आणि तिच्यातला मजकूर आधी वाचवावा लागतो. संगणक कक्ष दर रविवारी सकाळी १० ते १ उघडा असतो. यंत्र घेऊन येणाऱ्यांनी पासवर्ड तेवढा आठवून यावे.